बाजूला ठेवलेल्या दोन स्लाइड

४ फेब्रुवारी

ताई,

आधी वाच, मग हवं तर फाड. आईच्या गळ्यात गाठ आहे. आमच्याच लॅबमध्ये तपासली आणि रिपोर्ट चांगला नाही.

हे पहिल्याच ओळींत लिहिलं, कारण मी पाल्हाळ लावतो असं तू म्हणायचीस आणि तिसऱ्या ओळीपुढे वाचायची नाहीस. फोन सात वेळा केला. आठव्यांदा भावोजींनी उचलला आणि तू कामात आहेस म्हणाले. त्यांच्या बोलण्यात काही खोट नव्हती, पण ते अवघडले होते हे कळलं. म्हणून पत्र.

गाठ कशी कळली ते सांगतो. आई अजून खालच्या शिंप्याकडून गणवेश आणून घरी काजं-बटणं करते. हल्ली तिला सारखी थंडी वाजते, त्यामुळे घरातही स्वेटर असतो. डिसेंबरात तिने त्या स्वेटरचं गळ्याचं बटण अर्धा इंच सरकवून लावलं. जानेवारीत आणखी अर्धा. मी विचारलं, तर म्हणाली धुऊन आटलाय. मी बाह्या मोजल्या. बाह्या होत्या तेवढ्याच होत्या. मग तिला खिडकीपाशी उभं करून पाणी प्यायला लावलं, तेव्हा घोटाबरोबर उजव्या बाजूला काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. सुपारीएवढं असेल.

तू गेलीस तेव्हा मी लॅबमध्ये बाटल्या धूत होतो. आता सुईच्या तपासणीला लॅबच्या डॉक्टर मॅडमच्या शेजारी उभा असतो. मॅडम गाठीत बारीक सुई घालतात आणि सुईतला थेंब काचेच्या स्लाइडवर टाकतात. मी दुसऱ्या स्लाइडने तो पसरतो. तो पातळ आणि सारखा पसरला पाहिजे, नाहीतर पेशी एकमेकींवर चढतात आणि वाचता येत नाहीत. मग स्लाइड रंगवायला जातात. रंगवणाऱ्या काकांची बोटं वीस वर्षांत कधी पांढरी दिसली नाहीत, म्हणून त्यांना सगळे रंगकाका म्हणतात. मला ते टाचणी म्हणतात. एकदा मॅडमसमोर म्हणाले होते, टाचणीची स्लाइड म्हणजे इस्त्रीचा रुमाल. नववीत नापास होऊन बसलेल्या माणसाला आयुष्यात मिळालेलं हे एकच प्रशस्तिपत्र आहे, म्हणून तुला कळवतो.

आईच्या वेळीही मीच उभा होतो. मॅडम म्हणाल्या, तू नको, रंगकाकांना बोलाव. मी ऐकलं नाही.

रिपोर्टच्या दिवशी मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं. त्या मला कधी बसवत नाहीत. त्यांनी सांगितलं, स्लाइडवर मोठ्या, गुलाबी, दाणेदार पेशींचे पुंजके आहेत, त्यांना हर्थल पेशी म्हणतात. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला जुनाट सूज असली तरी त्या दिसतात, आणि एका जातीच्या गाठीतही दिसतात. ती गाठ कॅन्सरची असू शकते. "सूज असती तर सोबत दुसऱ्या पेशी भरपूर दिसल्या असत्या. इथे सोबत काहीच नाही. मला संशयास्पद असंच लिहावं लागतंय."

आईला मी एवढंच सांगितलं की मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय. ती बरं म्हणाली आणि झोपली. ती हल्ली कुठेही झोपते.

ताई, तू आईवर रागावली आहेस, ते बाजूला राहू दे. फोन कर.

आणखी एक गोष्ट लिहिली होती. ते पान बदललं.

तुझा भाऊ

११ फेब्रुवारी

ताई,

ऑपरेशन २० तारखेला ठरलं. सर्जन चांगले आहेत, पण घाईत असतात. उजवी अर्धी ग्रंथी काढायची, ती तपासायची, कॅन्सर निघाला तर उरलेलीही काढायची. आवाजाची नस तिथूनच जाते, ती जपावी लागते असंही म्हणाले. मी विचारलं की रक्तात थायरॉईडचं टीएसएच एवढं वाढलेलं आहे, त्याचं काय. ते म्हणाले, ग्रंथी मंद चालते आहे, गोळीने बघू, आधी गाठ. आई टेबलाकडे बघत होती. त्यांनी विचारलं, काही शंका? ती म्हणाली, काढा. डब्याचं झाकण काढू का असं कुणी विचारावं, तशी.

आता त्या बदललेल्या पानावरचं लिहितो. तू ही पत्रं उघडतेस की नाही, मला माहीत नाही. त्यामुळे तुला सांगणं सोपं जातंय.

मॅडमनी आईच्या गळ्यात दोन ठिकाणी सुई घातली आणि सहा स्लाइड केल्या. पहिल्या चार, गाठीतल्या, उत्तम पसरल्या. मग त्यांनी गाठीच्या बाहेर सुई घातली. आईने डोळे घट्ट मिटले आणि तिचा हात माझ्या कोटाकडे आला. माझा हात हलला. शेवटच्या दोन स्लाइड रंगवून आल्या तेव्हा त्यांच्यावर नुसते जांभळे धागे होते. ओला रंग झाडूने ओढावा तसे फराटे. असे फराटे आले की मॅडम म्हणतात, जोर लावलास, वाया गेली. वाया गेलेली स्लाइडही ट्रेमध्येच ठेवायची, हा नियम आहे. ती वाया गेली की नाही, हे मॅडम ठरवतात.

मी ठेवल्या नाहीत. आईची स्लाइड आणि तीच माझ्या हातून बिघडली, हे मॅडमना दिसू नये असं वाटलं. सहावर 'सहापैकी एक', 'सहापैकी दोन' अशा चिठ्ठ्या होत्या. त्या काढून मी चांगल्या चारांवर नव्या चिकटवल्या, 'चारपैकी एक', 'चारपैकी दोन'. वहीतही चार लिहिलं. मॅडमना तेव्हा बाहेर दुसरी पेशंट बघायची होती. नंतर त्यांनी विचारलं, सहा ना रे? मी म्हणालो, दोनवर नुसतं रक्त आलं. त्यांनी माझं ऐकलं, कारण मी आजवर कधी चुकीचा आकडा लिहिलेला नाही.

त्या दोन टाकून द्यायला हव्या होत्या, तेही जमलं नाही. आईच्या गळ्यातलं होतं. कागदात गुंडाळून खणात ठेवल्या.

आणि आज सकाळी हे झालं. मॅडम नवीन शिकाऊ डॉक्टरबाईंना एक स्लाइड दाखवत होत्या. मी शेजारी काचा पुसत होतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, ही खराब पसरलीय, सगळे फराटेच आहेत. मॅडम म्हणाल्या, "पसरणाऱ्याला दोष देऊ नकोस. या लहान निळ्या पेशी फार नाजूक असतात. हात लागला की त्यांचा धागा होतो. थायरॉईडमध्ये असे धागे दिसले की माझा जीव भांड्यात पडतो. बहुतेक वेळा ती सूजच असते."

माझ्या हातातली काच खाली पडली. फुटली नाही.

ताई, त्या दोन स्लाइडवर 'सोबतच्या पेशी' असतील का? की मला तसं वाटायला हवं आहे म्हणून वाटतंय? मला वाचता येत नाही. पसरता येतं. सांगितलं तर नोकरी जाईल, हे नक्की. चिठ्ठ्या बदलणं म्हणजे काय असतं, हे आमच्याकडे बाटल्या धुणाऱ्यालाही माहीत असतं. आणि न सांगता वीस तारीख आली, तर?

उद्या सांगतो. नाहीतर परवा नक्की.

१४ फेब्रुवारी

ताई,

उद्याही नाही आणि परवाही नाही, आज सांगितलं. दोन दिवस मी मॅडमच्या दारापर्यंत गेलो आणि काहीतरी निमित्त काढून परत आलो. काल तर डेटॉल संपलंय असं सांगून आलो. डेटॉल भरपूर होतं.

शेवटी रंगकाकांनी पकडलं. तुझं काय चाललंय, प्रेमात पडलायस का, असं विचारलं. मी खण उघडून कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्लाइड उजेडासमोर धरल्या. मग म्हणाले, रंग तर मस्त लागलाय. आणि मला दंडाला धरून मॅडमकडे नेलं. मी मधे थांबलो असतो तर त्यांनी उचलून नेलं असतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. पहिली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. त्या स्क्रू फिरवत होत्या, थांबत होत्या, पुन्हा फिरवत होत्या. मग दुसरी ठेवली. मग उठून आईचा रक्ताचा रिपोर्ट काढला आणि टीएसएचच्या आकड्यावर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

"इकडे ये. बघ."

मला आजवर त्यांनी कधी आत बघू दिलं नव्हतं. मी डोळा लावला. धाग्यांच्या मधे मधे, जिथे माझा हात हलला नव्हता तिथे, मोहरी सांडावी तशा लहान निळ्या गोल पेशी होत्या. हजारो. त्यांच्यात त्या मोठ्या गुलाबी पेशी इथे तिथे अडकून बसल्या होत्या.

"या शरीराच्या शिपाई पेशी आहेत," मॅडम म्हणाल्या. "बाहेरच्यांशी लढायचं सोडून त्या स्वतःच्या थायरॉईडवर चालून गेल्यात. मार खाऊन खाऊन ग्रंथी सुजते, मंद पडते, कधी तिला गाठी येतात. तू मला फक्त गुलाबी पेशी दाखवल्यास. अर्धं वाक्य दाखवलंस आणि त्यावर मी रिपोर्ट लिहिला."

मी विचारलं, मग कॅन्सर नाही ना?

त्या म्हणाल्या, तसं आज म्हणणार नाही. ज्या स्लाइडवरच्या चिठ्ठ्या कुणीतरी बदलल्या, त्यांच्यावर मला सही करता येत नाही. आईला पुन्हा आण. गाठीत आणि गाठीबाहेर, दोन्ही बाजूंना, पुन्हा सुई. स्लाइड रंगकाका करतील. शिवाय रक्तातल्या अँटिबॉडी तपासू. शिपायांनी खरंच थायरॉईडविरुद्ध मोहीम काढली असेल, तर तिचा पुरावा रक्तात सापडतो. त्यांनी सर्जनना माझ्यासमोरच फोन केला आणि तारीख तहकूब ठेवायला सांगितली. चूक कुणाची हे सर्जननी विचारलं असावं, कारण मॅडम म्हणाल्या, "माझ्या लॅबची."

माझं नाव घेतलं नाही, ते मला जास्त लागलं.

दुपारी आईला घेऊन गेलो. पुन्हा कशाला, असं तिने विचारलं. मी म्हणालो, खात्री करायची आहे. सहा वेळा सुई टोचली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. ती बाहेर आली तेव्हा गळ्याला कापूस धरलेला होता आणि मलाच म्हणाली, तुझा चेहरा का असा, तुला टोचलं का?

खरं सांगितलं नाही.

१८ फेब्रुवारी

ताई,

कॅन्सर नाही.

पुन्हा लिहितो, मलाच बघायला बरं वाटतं. कॅन्सर नाही. ऑपरेशन रद्द.

सुईच्या सगळ्या ठिकाणी त्याच निळ्या पेशी सापडल्या, गाठीतसुद्धा. पहिल्या वेळी सुई नेमकी गुलाबी पेशींच्या पुंजक्यात गेली असणार. अँटिबॉडी पस्तीसच्या आत असायला हव्यात, त्या तेराशेच्या वर निघाल्या. सोनोग्राफीत गाठ गुळगुळीत आहे आणि सगळी ग्रंथीच खडबडीत आहे. मॅडम म्हणाल्या, तिन्ही साक्षीदार एकच सांगतायत. गाठीवर सहा-सहा महिन्यांनी नजर ठेवायची आणि रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, कायमची. बस.

रंगकाकांनी रिपोर्ट वाचला आणि मला पाठीत धपाटा घातला. तो आनंदाचा होता की शिक्षेचा, ते विचारलं नाही. नोकरी गेलेली नाही. तीन महिने पुन्हा बाटल्या धुवायच्या आहेत. मॅडमनी नवा नियमही केला. आता सुई घालण्याआधीच, पेशंटच्या समोर, स्लाइडवर नंबर हिऱ्याच्या टोकाच्या पेनाने कोरायचा. कोरलेला नंबर निघत नाही. त्यांचं म्हणणं, बिघडलेली स्लाइडही पेशंटचीच असते, आपल्या अब्रूची नसते.

पण हे पत्र लिहायचं कारण दुसरंच आहे.

मॅडमनी आईला समोर बसवून सगळं समजावलं. ही ग्रंथी मंद झाली की थंडी वाजते, केस जातात, चेहरा सुजतो, आवाज जाड होतो. झोप येते आणि झोपूनही थकवा जात नाही. काही करावंसं वाटत नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. विचारलं, हे किती वर्षं होतंय? आई म्हणाली, चार-पाच तरी. मॅडम म्हणाल्या, मग रोग बहुधा तेवढाच जुना आहे.

आई पदराला नसलेली घडी घालत बसली. मग तिने विचारलं,

"म्हणजे मी आळशी नाही?"

मॅडमना आधी कळलंच नाही. मग त्या म्हणाल्या, नाही हो. तुम्ही आजारी होतात.

"मला वाटलं, मी वाईट झाले," आई म्हणाली.

ताई, तुझं बाळ झालं तेव्हा ती महिनाभर राहायला तुझ्याकडे गेली होती आणि चौथ्या दिवशी परत आली. तिथे ती नुसती झोपून होती, बाळाला दोनदाच घेतलं, हे सगळं तू मला तेव्हा फोनवर सांगितलंस. तू दारात तिला म्हणालीस की तुला माझं काही वाटतच नाही. ती सरळ रिक्षात बसली. तेव्हापासून तुझं बोलणं बंद आहे. आणि मी तुला कधी सांगितलं नाही की घरी आल्यावर ती काय म्हणाली. ती म्हणाली, बरोबर बोलली ती, मला उचलून घ्यावंसं वाटत नव्हतं, आईला असं वाटतं का कधी. आणि मला ते कुणाला सांगू नकोस म्हणाली. इतके दिवस ती स्वतःलाच दोष देत होती, रोज, झोपेतून उठल्यावर.

मी असं म्हणत नाही की सगळं थायरॉईडनेच झालं. आई आधीही काही फार गोड बोलणारी नव्हती. तुझ्या लग्नात भावोजींच्या बुटांना नावं ठेवली, तेव्हा टीएसएच चांगलं असणार. पण ते चार दिवस तिचे नव्हते.

आणखी एक. हे घराण्यात चालतं, बायकांना जास्त. मॅडमनी निरोप दिलाय की मुलीने रक्त तपासून घ्यावं. तू माझ्यावर रागाव, पण टीएसएच आणि अँटिबॉडी कर. उपाशी असायची गरज नाही.

५ एप्रिल

ताई,

तू फोन केलास त्यानंतरचं हे पहिलं पत्र. आता फोनवर बोलता येतं, तरी हे लिहूनच सांगणार आहे. फोनवर बोललो तर आई ऐकेल.

तुझा रिपोर्ट चांगला आला, हे तू आईला सांगितलंस तेव्हा मी ओट्यापाशी पाणी भरत होतो. मला फक्त आईचंच बोलणं ऐकू येत होतं. पस्तीस मिनिटांत भांडणाचा विषय निघाला नाही. बाळाचे दात, तुझ्या नळाचं गळणं, आणि साबण कुठला वापरतेस यावर दहा मिनिटं. तुम्हा दोघींना भांडणं मिटवायची हीच रीत येते. मग फोन माझ्याकडे आला आणि तू विचारलंस, तिला त्या स्लाइडचं सांगितलंस का? मी नळ बंद करायला वळलो. तू म्हणालीस, "तू सांगतोस की मी सांगू?" म्हणजे सगळी पत्रं उघडली होतीस.

तुझं बरोबर होतं. मॅडमनी तिला आजार सांगितला, पण पहिला रिपोर्ट का चुकला ते माझ्यावर सोडलं होतं. त्या दर आठवड्याला विचारायच्या, सांगितलंस? मी म्हणायचो, तिला जरा बरं वाटू दे.

बरं तर तिला वाटतंच आहे. गोळी सुरू होऊन सहा आठवडे झाले. चेहऱ्याची सूज उतरली. माझ्याआधी उठते. खालच्या शिंप्याने जास्तीचे गणवेश पाठवले तर परत पाठवत नाही. परवा मी उठलो तर तिने सगळं कपाट जमिनीवर मांडलं होतं आणि मला विचारत होती, या एवढ्या रिकाम्या बाटल्या कुणी जमवल्या. मला निमित्त उरलं नाही.

रविवारी सकाळी सांगितलं. ती काजं करत होती. आधी चार स्लाइडचं सांगितलं, मग दोनचं, मग चिठ्ठ्यांचं, मग वीस तारखेचं. मी पाठ करून ठेवल्यासारखं क्रमाने बोललो. तिने सुई कापडात खोचली आणि विचारलं,

"माझा गळा कापणार होते आणि तुला तुझ्या रुमालाची इस्त्री पडली होती?"

हे रंगकाकांचं वाक्य तिला कुणी सांगितलं, ते माहीत नाही. तू असशील.

मग ती जी सुरू झाली. उभी राहून बोलली. माझ्या चौथीतल्या वह्यांपासून सुरुवात केली. एका खाडाखोडीसाठी मी वही टाकून द्यायचो आणि नवी मागायचो, तेही काढलं. बाबांनाही सोडलं नाही, ते जाऊन आठ वर्षं झाली तरी. शेजारच्या बाईंनी दार उघडून बघितलं आणि बंद केलं. शिंपी जिना चढून आला, त्याला वाटलं काही पडलं. त्याला तिने दारातच सांगितलं की गणवेश संध्याकाळी मिळतील, आता वेळ नाही. आवाज एवढा मोकळा होता की शिंपी माझ्याकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिला.

मी मान खाली घालून उभा होतो. आणि ताई, मला इतकं बरं वाटत होतं की हसू येईल म्हणून मी दात आवळून धरले होते. मला आठवेना, ती शेवटची कधी रागावली होती. पाच वर्षं ती आमच्यावर रागावलीच नाही. तिच्यात तेवढं त्राणच नव्हतं.

अर्ध्या तासानेही ती दमली नाही, फक्त पाणी प्यायली. मी म्हणालो, ताईला माहीत आहे हे, पहिल्यापासून. ती थांबली. म्हणाली, तिला माहीत होतं आणि ती फोनवर साबणाचं बोलत बसली?

आज तीन दिवस झाले, माझ्याशी कामापुरतंच बोलते. तू पंधरा तारखेला बाळाला घेऊन येते आहेस हे सांगितलं, तेव्हा एवढंच म्हणाली, येऊ दे तिला.

जपून ये. आता पाळी तुझी आहे.

तुझा भाऊ